अनवाणी नवस

प्रिय मंगल,

फोनवर पायाचा विषय काढला की तुमच्या हिर्डोशीची रेंज नेमकी जाते. म्हणून पत्र. पंचवीस वर्षं अंगणवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला शिकवणाऱ्या बाईचं आहे, तेव्हा अक्षर लागलं नाही असं म्हणू नकोस.

गेल्या पावसाळ्यात माझ्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला, मला पत्ताच नाही. घरभर रक्ताचे डाग बघून मी मांजरीला शिव्या घातल्या, उंदीर आणला असेल म्हणून. जखम चिघळली, पायाची करंगळी काढावी लागली. तेव्हा तू मेंगाईला नवस बोललीस, आक्काचा पाय बरा होईस्तोवर चप्पल घालणार नाही. भावकीनं तुझं कौतुक केलं. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

मग महिन्यापूर्वी भोरच्या तपासणीला गेले. साखरेनं नसा किती झिजल्या ते डोळ्यावरून बघणारा कॅमेरा पुण्याहून आला होता. दुखणं पायाचं आणि पाहणी डोळ्याची, मलाही हसू आलं. शेफाली डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून डोळा बधिर केला, भिंग बुबुळाला टेकवलं आणि पडद्यावर बारीक पांढरे धागे दिसले. निरोगी बाईचे भाताच्या तरव्यातल्या रोपांसारखे दाट होते. माझं म्हणजे खेकड्यांनी खाल्लेलं खाचर. डोळ्यातल्या नसा अशा झाल्या की पायातल्याही झिजत असतात, आणि पायाला कळायच्या आधीच ते इथं दिसू शकतं, असं त्या म्हणाल्या. गेलेल्या परत येतील असा शब्द त्यांनी दिला नाही. उरलेल्या सांभाळता येतात म्हणाल्या.

साखर तुलाही सहा वर्षं आहे. चल म्हटलं तर तू काय म्हणालीस? "आक्का, माजं पाय दगडाचं हायत, कायबी टोचत न्हाई." वर केवढा तोरा!

तर ऐक. परवा वेल्ह्याला जाऊन मेंगाईपुढे उभी राहिले. बूट घालून गेले, दारात काढले, आणि तिला स्पष्ट सांगितलं, नवस माझ्या पायासाठी होता, पाय माझा, मी म्हणते फिटला. कोप करायचा तर माझ्यावर कर, अजून नऊ बोटं आहेत. गुरवानं कानांवर हात ठेवले. ठेवू दे. भावकीतलं कुणी बोललं तर त्याला उत्रोलीला माझ्या दारात पाठव.

आता खरं सांगते. संक्रांतीला तू अनवाणी आलीस, मी तुझ्या पायांना तेल लावायला बसले. तू जाऊबाईची नक्कल करत खदाखदा हसत होतीस, आणि त्याच वेळी मी तुझ्या टाचेतून नखाएवढी काच ओढून काढली. तुझं हसू थांबलं नाही. तेलाच्या नावाखाली मी हळद भरली, काच पदरात बांधली. भीतीनं तुला सांगितलंच नाही. या पत्रासोबत तुझ्यासाठी माझ्यासारखेच बूट पाठवते आहे, ती काच त्यांच्याच खोक्यात पुडीत बांधून ठेवली आहे. बोटानं चाचपून बघ, हाताला टोचेल. मग बूट घाल आणि गुरुवारी सकाळच्या एसटीनं भोरला ये, कॅमेरा पुन्हा येणार आहे. मी स्टँडवर उभी असेन, आणि तुझं तोंड बघायच्या आधी पाय बघेन.

तुझीच,
नऊ बोटांची आक्का