फादरांची राहिलेली ओळ

१७ सप्टेंबर, बुधवार
लते, आधी चष्मा शोध. कपाळावर हाय. फोनवर सांगितलेलं तिन्हीसांजेपर्यंत विसरतीस, म्हणून तुझ्या लेकीकडून, वैशूकडून, लिहून घेतीय.

आज भाकरी थापताना हात थांबला. आपोआप. सांगलीला फादरांकडं सैपाकाला हुते तवा असाच थांबायचा. ते दारात उभं राहून नवी कविता म्हणायचे. माझा हात थांबला की ओळ ठेवायचे, चालू राहिला की खोडायचे. "यमुनाबाई, तुमच्या भाकरीनं निम्मी कविता खाल्ली!"

फादर तर उन्हाळ्यात गेले. मग आज म्हणालं कोण? साताऱ्याच्या या घरात मी आन वैशू, दोघीच.

१८ सप्टेंबर
परत थांबला. भाकरी चिरली. वैशू म्हणती, वय झालं. व्हय, पण वय रोज पहिल्याच भाकरीला हुतं?

उन्हाळ्यात मी फादरांना भेटायला गेले तवा ते पडल्या पडल्या एक ओळ म्हणाले: 'जन्मभर वाढलंस, राहिलीस उपाशी.' मला वाटलं, मरियामातेवर हाय.
"पुढची?"
"उद्या. भाकरी थापायला बसा, मग."
मी पीठ मळून बसले. ते रात्रीतच गेले हुते.

२० सप्टेंबर
पितृपक्ष. फादरांना मागं कोण न्हाई, म्हणून गच्चीवर घास ठेवला.
"आज्जी, ते ख्रिश्चन!"
"कावळ्याला कुठं कळतंय?"
कळतंय वाटतं. आला, बसला, माझ्याकडं बघत राहिला. घासाला शिवला न्हाई.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
सकाळी थापता थापता वैशूला हे पत्र सांगत हुते. हात थांबला, मी गप झाले. वैशू लिहीतच हुती.
"काय लिवतीस गं?"
"तू बोलतीस तेच."
"वाच."
"पान मांडलंय गं, ये, बैस माझ्यापाशी."
मी बोललेच न्हाई. वैशू गळ्याची शप्पत घेती, बोललीस. आता रडती. रडत का हुईना, लिव म्हणलं.

तिनं वाचलं तवा हात परत थांबला. ओळ चांगली हाय. त्येच वाईट.

आवं फादर, जन्मभर सैपाक मी केला, आन आता तुमी मला जेवायला बोलावताय? करतंय कोण तिकडं?

लते, तू सांगलीतच हायस, चर्चमागं त्यांच्या थडग्यावर उद्याच भाकरी-झुणका पोचव. मिरची हात सैल सोडून घाल. पण एकाच माणसापुरतं ने. माझ्या भुकेचं मी सांगीन तवा.