सॉर्टच्या दारावरचा पहारा

१७ फेब्रुवारी
संकल्प : आजपासून माझ्या, यादी क्रमानं लावणाऱ्या सॉर्ट फंक्शनमध्ये कुणीही उठून काहीही कोंबायचं नाही. कुठल्याही यादीला चालावं म्हणून लिहिलं, तर ऑफिसनं त्याची धर्मशाळा केली. आता अटी घातल्यात. इटरेटर, म्हणजे यादीतून फिरणारा, हव्या त्या जागी उडी मारणारा हवा. एकेक पाऊल टाकणाऱ्यांनी घरी बसावं. तुलनेच्या फंक्शननं दोन वस्तू घेऊन 'पहिली आधी का?' याचं फक्त हो किंवा नाही सांगावं. नाहीतर कोड तपासून आत घेणारा कम्पायलर हाकलून देईल.
रमजान लागला की फिक्रीसाहेब टीमचा प्रमुख नेमणार. वगदी (म्हणजे मी) किंवा नेर्मिन. बिचारी नेर्मिन.

१९ फेब्रुवारी
सकाळीच नेर्मिनचा कोड माझ्या अटींनी अडवला. तिनं दोन मिनिटांत दुरुस्त केला. घाई फार. खोली नाही.

२३ फेब्रुवारी
हाग (म्हणजे हाजी) सबरींच्या कुनाफाच्या मिठाईच्या दुकानाचं डिलिव्हरी ॲप माझ्याकडे. ज्याची वेळ आधी, ती ऑर्डर आधी. तुलना मी स्वतः लिहिली : 'आधीची किंवा तेवढ्याच वेळेची' असेल तर हो. बरोबरीच्यांवर अन्याय नको.
नेर्मिन म्हणाली, अरे वगदी, बाबा, सारख्या वेळेला हो म्हणू नकोस. दोघंही म्हणतील मीच आधी, आणि तुझं सॉर्ट शोधत शोधत यादीच्या बाहेर जाऊन पडेल. कम्पायलर फक्त उत्तर हो-नाही आहे का ते बघतो, खरं आहे का ते नाही.
मी म्हटलं, माझ्या फंक्शननं माझ्या सगळ्या अटी पाळल्यात. ती हसली. मत्सर, दुसरं काय.

२६ फेब्रुवारी
दुकानाच्या महिनाभराच्या ऑर्डरींवर चाचणी. कुणाला दुपारी हवं, कुणाला संध्याकाळी. सगळं चोख! हागनी कुनाफा पाठवला. चार तुकडे खाल्ले. डाएट रमजानपासून.

१ मार्च, पहिला रोजा
तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर ॲप कोसळलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा कोसळलं. प्रत्येक ऑर्डरीची वेळ एकच : सूर्यास्त. अख्खं काहिरा एकाच क्षणी रोजा सोडतं. जन्मल्यापासून मीही. पण रमजान येतोय हे क्लायंटनं लेखी कळवायला नको?
हागचा फोन. म्हणाले, बाशमुहंदिस, अहो इंजिनियरसाहेब, ताटं भरून तयार आहेत, पोरं स्कूटरवर बसलीत आणि तुमचं यंत्र आडवं झालंय. लोकांनी रोजा काय तुमच्या माफीवर सोडायचा?
नेर्मिननं 'किंवा तेवढ्याच वेळेची' एवढंच काढून टाकलं. चाललं. तोवर सूर्यास्ताची, मगरीबची अजान होऊन गेली होती. फार लाज वाटली. (उपवासानं माणूस हळवा होतो.)

३ मार्च
नेर्मिन प्रमुख झाली. मला ईदपर्यंत हागच्या दुकानात बसवलंय. यंत्र पुन्हा मेलं तर ऑर्डरींच्या चिठ्ठ्या हातानं लावायला कुणीतरी हवं, असं फिक्रीसाहेब म्हणाले. जबाबदारीचं काम आहे.
आज हागनी दोन चिठ्ठ्या पुढे धरून विचारलं, दोन्ही मगरीबच्या, कुठली आधी? मी म्हटलं, हाग, दोन्ही सारख्या. कुठलीच आधी नाही. उचला कुठलीही.
त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच हातात ठेवल्या. मग म्हणाले, एवढं कळतं तुला, तर यंत्राला का नाही सांगितलंस?
रोजा होता. चिठ्ठ्या लावायला घेतल्या.