बारा निवडुंगांचा वृत्तांत

ज्याच्या कृपेने खडकालाही पालवी फुटते, त्या जगन्नियंत्यास प्रथम वंदन. तीर्थरूप अक्कांच्या चरणी धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? (तेल चोळण्यास आळस करू नये.) आम्ही उभयतां सुखरूप.

पत्रास कारण आमच्या वसाहतीची सामाईक बाग. पाण्याची टंचाई पाहता हिरवळ काढून खडी पसरावी आणि निवडुंगासारखी अल्पसंतुष्ट झाडे लावावीत, असा ठराव मी बागसमितीचा अध्यक्ष या नात्याने मांडला व एकमताने संमत करून घेतला. (आमचे निवृत्त इंजिनिअर, ज्यांना सारे हिरवळराव म्हणतात, ते त्या दिवशी दंतवैद्याकडे होते.) उद्घाटनास मी पाऊण तास बोललो. निवडुंग म्हणजे तहान सोसून मौन धरणारा तपस्वी, असे वर्णन केले. आमच्या वाचनमंडळातील वृद्धांच्या डोळ्यांत पाणी आले. ते तेथेच थांबते तर बरे होते.

महिन्याभरात बाराही तपस्वी मऊ पडून कलंडले. हिरवळराव गरजले, "माळ्यानं पाणीच घातलं नाही. काढा त्याला, आणि हिरवळ परत आणा!" रविवारच्या सभेत तोच विषय आहे. माळी बिचारा मला बागेत घेऊन गेला आणि एक बुंधा बोटाने दाबून म्हणाला, "काका, ही तहानेनं नाही मेली, दयेनं मेली. बुडापासून कुजलीत. रोज कुणीतरी पाणी ओततंय."

चौकशीअंती कळले, की वाचनमंडळाचा प्रत्येक सभासद सकाळी फिरायला येताना, इतरांपासून लपवून, एकेक तांब्या तपस्व्यांच्या पायी रिता करीत होता! व्याख्यानाचा परिणाम इतका खोल (मुळापर्यंत) जाईल, याची मला कल्पना नव्हती. मंडळाच्या चिटणीसबाई तर उलट मलाच म्हणाल्या, "रडवलंत कुणी आम्हाला? तुम्हीच ना?" तथापि मी डगमगलेलो नाही. योजना निर्दोष आहे. अतिरेक केवळ करुणेचा झाला.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. आपल्या गच्चीत वीस वर्षे कुणी ढुंकूनही न पाहिलेले निवडुंग आहेत. त्यांचे बारा फुटवे शनिवारपर्यंत पाठवावेत. जमल्यास आपणही यावे. झाडांकडे दुर्लक्ष करण्याचा आपल्याइतका व्यासंग येथे कुणाचाच नाही.

पुन्हा ता. क. माळ्याची नोकरी वाचवायची तर सभेत मला एक गोष्ट कबूल करावी लागेल. पहिला तांब्या माझाच होता, उद्घाटनाच्याच संध्याकाळी. (बोलता बोलता मलाही भरून आले होते.)

हे पत्र जे कोणी वाचतील (आपण ते साऱ्या घराला वाचून दाखवालच), त्या सर्वांना परमेश्वर उदंड दया देवो, आणि ती कुठे ओतू नये याचे भानही देवो.