येऊ नको, असं लिहिलं होतं

मांजरसुंबा,
१८ जानेवारी २०२६

चि. संघमित्रास,
अ. आ. व सप्रेम जयभीम.

फोनवर आपलं बोलणं जेवलीस का, जेवले, इथंच संपतं. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. अक्षर लागलं नाही तर विचार.

इकडं ठीक आहे. बाबांचं टायरचं दुकान आता सतीशकाका बघतो. मी लायब्ररीतून पुस्तक आणते, शेवटच्या पानापर्यंत वाचते, आणि मिटलं की आत काय होतं ते आठवत नाही. रडूही येत नाही. गल्लीतल्या बाया म्हणतात, विजयमालाचं काळीज लई घट्ट हाय. असेल.

केस कापल्याचा तुझा फोटो भामाआजीला दाखवला. तिनं विचारलं, ह्यो पोरगा कुनाचा.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम १२ मार्चला ठेवला आहे. भन्तेजी येणार आहेत. मागच्या वर्षी बाबा दुकानात बसल्या जागी गेले, तेव्हा तुला जर्मनीला जाऊन पाच महिने झाले होते. तुझ्यासाठी थांबता आलं नाही. तुला सगळं फोनवर बघावं लागलं. यंदा जमत असेल तर बघ. नाहीतर तुझी मर्जी.

माझा लोभ आहेच, तुझाही राहू दे.
तुझी आई


माग्डेबुर्ग,
२ फेब्रुवारी २०२६

ती. आईस,
संघमित्राचा जयभीम. वि. वि.

आजीला सांग, पोरगा तिच्याच नातीसारखा आहे, फक्त आता स्वतःच्या भाकरी स्वतः थापतो. गोल होत नाहीत.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. इथं आल्यावर सर गटातल्या प्रत्येकाला विचारायचे, तुला काय वाटतं. माझी पाळी आली की मी आधी बघायची, इथं सगळ्यांत मोठं कोण आहे आणि ते काय म्हणालं. एकदा सर म्हणाले, तू सगळ्यांचं म्हणणं छान सांगतेस, तुझं कधी सांगणार? खोलीवर येऊन शोधलं, तर माझं असं काही सापडेना. बीडच्या कॉलेजात त्याची गरजच पडली नव्हती. मी बदलले असं सगळे म्हणतात ते एवढंच. आता विचारलं तर मी सांगते.

बाबांचं मात्र अजून काही वाटतच नाही. फोनवर बघितलं ते दुसऱ्या कुणाच्या घरचं होतं, असंच मनात राहिलंय. मैत्रीण म्हणते, एकदा रडून घे. कसं घेऊ?

कार्यक्रमाच्याच आठवड्यात इथं एका कंपनीत, डिग्रीसाठी करावं लागतं त्या कामासाठी, निवड आहे. ती हुकली तर डिग्री सहा महिने लांबते. तरी मी येऊ शकते. म्हणून सरळ विचारते. तुला मी यायला हवी आहे का? माझी मर्जी राहू दे, तुझी सांग. ये म्हणालीस तर येते.

तुझ्या मायेतली,
मित्रा


मांजरसुंबा,
१० फेब्रुवारी २०२६

चि. मित्रास,
अ. आ. व जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. येऊ नको. शिक्षण आधी. बाबा असते तर हेच म्हणाले असते.

आपल्या घरात मला हे पाहिजे असं कुणी म्हणालेलं मला आठवत नाही. बाबा ताटात पडेल ते जेवायचे, आणि मी त्यांच्यानंतर उरेल ते. तुझ्या सरांनी मला विचारलं तर मीही इकडंतिकडं बघेन.

काका चिडला आहे. म्हणाला, वयनी, तुमी एक शब्द टाकला असता तर पोरगी इमानात बसली असती, तुमी कावून न्हाई म्हनलात? मी म्हणाले, माझं काही अडत नाही.

थंडीत डोक्याला बांधत जा. लोभ होता तेवढाच आहे.
तुझी आई


माग्डेबुर्ग,
१६ फेब्रुवारी २०२६

ती. आईस,
जयभीम. वि. वि.

तू लिहिलंस तेच मी खरं धरते. आधीची मी असते तर येऊ नको म्हणजे ये, असा अंदाज करून तिकीट काढलं असतं. आजवर तुझ्या बाबतीत मी अंदाजच केले. पण मी ओळखत राहिले तर तू कधीच सांगणार नाहीस.

मी येत नाही. हे माझं मी ठरवलं आहे. चुकलं तर तेही माझं. त्या दिवशी मला फोन लावून ठेवू नका. तसं एकदा बघून झालंय.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नको.
मित्रा


मांजरसुंबा,
१५ मार्च २०२६

चि. मित्रास,
अ. आ. व जयभीम.

निवड झाल्याचा तुझा निरोप मिळाला. आनंद झाला असं लिहायला पाहिजे. झाला असेल.

कार्यक्रम झाला. माणसं बरीच होती, धारूरचे पाहुणे पण आले होते. त्रिशरण-पंचशील झाल्यावर भन्तेजींनी परित्राण पाठासाठी पांढरा दोरा सगळ्यांच्या हातातून फिरवला. माझ्या शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. भन्तेजी म्हणाले, उपासिका, जरा सरकून बसा. मी सरकले नाही. काकानं हळूच विचारलं, वयनी, हितं कोन बसायचंय. मी सांगितलं, कुणी नाही. मग भामाआजी उठून तिथं बसायला लागली, तर मी हात आडवा घातला. म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. पाठ संपेपर्यंत दोरा तेवढ्या जागेत सतरंजीला टेकलेला होता.

नंतर जेवणं झाली. मी वाढत होते. कुणीतरी म्हणालं, पोरगी परक्या मुलकात जाऊन दगड झाली. मी त्या माणसाला आणखी भात वाढला आणि सांगितलं, तिनं मला विचारलं होतं, मीच सांगितलं नाही.

मित्रा, येऊ नको असं लिहिलं ते मीच, आणि जागा धरून बसले ती पण मीच. तुझं काही चुकलं नाही. विचारलं होतंस म्हणून सांगते. मला तू यायला हवी आहेस. बाबांसाठी नाही, काकासाठी नाही, मला. मिळालेलं काम सोडू नको, ते पुरं कर. मग आठ दिवस ये. कार्यक्रम करायचा नाही, कुणाला बोलवायचं नाही. तू आणि मी घरात बसू. रडू आलं तर येईल, नाही आलं तर तसंच बसू.

लोभ कमी पडत असेल तर तसं लिही.
तुझी आई