आई धक्क्यावर पाय आपटते त्याविषयी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (वाकून करता येत नाही, गुडघा सुजला आहे, कारण पुढे येईल.) मेहुण्यांचा खोकला थांबला असेल आणि आईसाठी रिकाम्या केलेल्या खोलीचा रंग वाळला असेल, असे समजतो.

आईला घेऊन यायला तू मला पाठवलेस. बाबा गेल्यापासून ती अंधार पडला की धक्क्यावर जाऊन फळ्यांवर पाय आपटते आणि पाण्यात उजेड शोधते, हे ऐकून तू घाबरलीस. "संपाच्या सभा गाजवतोस, एक म्हातारी हलवता येईना?" हे तुझे वाक्य मला लागले. मी गाडीतच भाषण तयार केले.

पहिल्याच संध्याकाळी तिच्यामागे गेलो. तिने टाच आपटली आणि खालचे पाणी निळसर उजळून विझले. मी तिथेच सुरू झालो. हा आत्मा नाही, खूण नाही; डोळ्यांना न दिसणारे हे जीव आहेत, हादरा बसला की चमकतात, आणि माणसाने आता तरी भयाच्या गुलामीतून (हा भाग तुला पाठ आहे). चार जाळेवाले जमले. मी रंगात आलो, सवयीने एक पाऊल पुढे टाकले, आणि व्यासपीठ संपले. पाणी कमरेइतकेच होते, पण खाली खडक होता. अंधश्रद्धेवर तुटून पडणारा तुझा भाऊ दाढीतून उजेड गाळत वर आला. एका जाळेवाल्याने टोपी काढून हात जोडले.

आई म्हणाली, "झालं तुझं? ते किडे असतात, मला माहीत आहे. लग्न झालं तेव्हाच यांनी सांगितलंय."

मग कळले ते असे. काळोखात बाबा बोटीच्या टोकाशी टाच आपटत. मासे दचकून पळाले की पाणी उजळे, आणि त्या उजेडावरून ते थवा केवढा, कुठे चालला हे ओळखत. म्हातारपणी बोटीवर जाणे सुटल्यावर ते हे आईला धक्क्यावर शिकवत होते. शिकवणी अर्धवट राहिली. ती आता एकटीच आपटते आणि अंदाज करते. "मोठा थवा," म्हणते. जाळेवाले म्हणतात, "अगदी बरोबर, काकू." खाली शेवाळसुद्धा नसते.

"हे सगळे मेले बरोबरच म्हणतात," आई म्हणाली. "ते असते तर चूक म्हणाले असते."

ताई, माझ्याकडे एकच गुण आहे. तिने पुढच्या वेळी "लहान मासा, डावीकडे" म्हटले, आणि मी म्हणालो, "चूक." (मला त्यातले ओ की ठो कळत नाही, पण चूक म्हणायला कळावे लागते, हे मी कधीच मानले नाही.) "मग काय आहे, शहाण्या?" तिने विचारले, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी भांडली. भांडता भांडता पोटभर जेवली. नंतर भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडली. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती, असे शेजारीण म्हणते.

तेव्हा काळजी नसावी. गुडघ्याची सूज उतरली की तिला घेऊन निघतोच.

तुझा,
धाकटा

ता. क. निघत नाही. त्या खोलीत मेहुण्यांना झोपव, तुलाही झोप लागेल.

आणखी ता. क. बाबांचे टाचेला लोखंड ठोकलेले बूट तू आठवण म्हणून नेलेस. (मेलेल्या माणसाचे बूट जपणे हा खुळेपणा आहे, असे मी तेव्हा चारचौघांत बोललो.) ते पाठव. चपलेचा आवाज पाण्याखाली पोचत नाही. आईला ते मोठे होतील. मला बरोबर होतात; तू न्यायच्या आधी मी घालून पाहिले होते.