अंबारीचा लाल दोरा

३ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि. (इंग्लिश मीडियमवालीनं हे न बघता लिहिलंय, काकूला दाखवा.)

म्युझियममध्ये दुरुस्तीला मला तुमच्या हातची अंबारी मिळालीय. छत मोडलंय, एक खांब गायब आहे, पण कोरलेली वेल अजून झकास. हत्तीच्या पाठीवर माणसं असं अख्खं घर चढवायची, मी तर येडीच झालेय. माझ्या जन्माआधी तुमची मुलगी, आमची ताई, हिच्यावरूनच पडून गेली, म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

पण एक अडलंय. तुम्हीच शिकवलंत की पट्टा आवळताना हत्ती पोट फुगवतो. मग माहुतानं त्याला शंभर पावलं चालवायचं, अंबारीवाल्यानं, म्हणजे तुम्ही, पट्टा पुन्हा आवळायचा आणि कडीला लाल दोरा बांधायचा. दोरा दिसला की बसायचं. इथला पट्टा अपघातानंतर कापून काढलाय, त्यामुळे कडी तेव्हाची तशीच आहे. ती दुसऱ्या भोकात आहे. वापरून लांबट झालंय ते तिसरं, म्हणजे दुसऱ्यांदा आवळल्यावर कडी एरवी तिथे यायची. दोरा मात्र बांधलेला. आमच्या लेबलवर आहे की माहुतानं हत्ती पळवला म्हणून अंबारी घसरली. मग हे कसं? म्युझियमचे सर म्हणाले, काकांनाच विचार.

गुडघा सांभाळा. लोभ कमी केलात तर मला कळेल हं.

तुमची चिमणी

१९ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूला दाखवलं नाही. या घरात असं पहिल्यांदाच झालं.

मिरवणूक थांबली होती, बँडवाले ओरडत होते. ताई नऊ वर्षांची, पहिल्यांदाच बसणार म्हणून सकाळपासून माझा शर्ट ओढत होती. मी एकदाच आवळलं आणि दोरा बांधला. वळणावर अंबारी पोटाखाली गेली. चौकशीत मी सांगितलं, दोनदा आवळलं होतं, हत्ती पळवला. माहुताची नोकरी गेली. आता बसस्टँडमागे तो पंक्चर काढतो. अठ्ठावीस वर्षं मी पलीकडच्या फुटपाथनं जातो.

हे पत्र त्याला वाचून दाखव. माझ्याच्यानं होत नाही. जमलं तर माया ठेव.

काका

२ जुलै

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

माहुताकडे जाऊन आले. त्यांना आता नीट दिसत नाही, ट्यूब पाण्यात धरून बोटांनी बुडबुडे शोधतात. मी पत्र वाचलं. ते ट्यूब फिरवत राहिले.

मग म्हणाले, मला माहीत होतं. शंभर पावलं हत्तीला मीच चालवणार होतो ना, पोरी. ती चाललीच नाहीत. मी विचारलं, मग चौकशीत बोलला का नाहीत? म्हणाले, तुझा काका पोरीला मांडीवर घेऊन रस्त्यात बसला होता, निसटलेला बूट तिच्या पायात परत घालत होता. त्याला काय सांगायचं? त्यांची बायको मात्र तेव्हाच माहेरी गेली ती परत आली नाही. तीही त्यांनाच दोष द्यायची.

हे तुम्हाला लिहू नको म्हणाले. मी तीन दिवस थांबले, आणि लिहितेय.

लेबल सरांनी काढलंय, जागा कोरी आहे. तिथे काय लिहायचं ते तुम्ही येऊन सांगा. काकूला घेऊन या. वाटेत बसस्टँड लागतं. यावेळी त्यांच्याच फुटपाथनं या.

लोभाचं वेगळं लिहीत नाही, तो आहेच.

चिमणी