रिकामी पिशवी

मंगळवार, संध्याकाळ, शहापूर

ती लघवीची पिशवी डोळ्यांसमोरून हलत नाही.

किन्हवलीच्या बायजाबाई काल माझ्या वॉर्डात दाखल झाल्या. भाताची लावणी करताना पाय कापला, तशाच चिखलात राबत राहिल्या, आणि जखमेचं विष रक्तात भिनलं. अशा वेळी शरीर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू भरमसाट तयार करतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडांना रक्त पोचत नाही, लघवी थांबते.

त्यांची सून म्हणाली, "मंग त्यो वायूच बंद करा ना, मॅडम."

म्हटलं, अगं, बांधाची सगळी तोंडं फोडली तर पाणी वाहून जातं, पण सगळी बुजवली तर खालचं खाचर सुकतं. मूत्रपिंडांनाही तो वायू थोडा लागतोच. हे तिला सांगत होते की स्वतःला? माझ्या हातात सलाइन, अँटिबायोटिक, रक्तदाब चढवायचं औषध. बाकी वाट बघणं.

आज संध्याकाळी बघते तर पिशवी रिकामी. डायलिसिससाठी ठाण्याला हलवायचं म्हणून फोन उचलला, तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "मीच वतली. चांगली भरली व्हती. गावचे पावणे भेटाया येतील, त्यांच्यासमोर बरं दिसत नाय."

भरली होती! न मोजता ओतली म्हणून रागावले, पण हसू काही आवरेना. तिथेच स्टूल ओढून बसले. नळीतून एक पिवळा थेंब पिशवीत पडला. मग दुसरा.

सुनेला म्हटलं, पाहुणे आले की आधी हेच दाखव.